घरच्या राउटरचा वायफाय वेग आणि प्रसारणशक्ती : कोणता बदल आधी, कोणता शेवटी

वायफाय मंद वाटू लागले की पुष्कळ जण राउटरच्या सेटिंगमध्ये शिरतात, प्रसारणशक्ती शंभर टक्के करतात, चॅनलची रुंदी यादीतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर नेतात, मोडच्या रकान्यात जे सर्वांत नवे दिसेल ते निवडतात आणि हे सारे एकाच दमात सेव्ह करतात. त्यानंतर बैठकीच्या खोलीत वेग वाढलेला दिसतो, आतल्या खोलीत मात्र व्हिडिओ कॉल पूर्वीपेक्षा अधिक तुटतो, स्वयंपाकघरातला स्मार्ट प्लग नेटवर्कमधून नाहीसा होतो, आणि यांपैकी कोणत्या बदलाने काय बिघडले हे कळण्याचा मार्ग उरत नाही. सेटिंग चुकीचे निवडले जाते त्यापेक्षा क्रम चुकतो, ही खरी अडचण आहे. प्रसारणशक्तीला सर्वांत शेवटी हात लावायचा असतो, आणि सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये ती बहुधा कमीच करावी लागते.

पुढील टप्पे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड असलेल्या राउटरसाठी लिहिले आहेत. बँड म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, आणि चॅनल म्हणजे त्या पट्ट्यातला एक लहान भाग. इंटरनेट पुरवठादाराने बसवलेल्या फायबरच्या डब्यातच वायफाय असेल तरी क्रम तोच राहतो, मात्र काही सेटिंग पुरवठादाराने कुलूपबंद ठेवलेली असू शकतात. जे दिसत नाही ते सोडून पुढच्या टप्प्यावर जावे.

१. हात लावण्यापूर्वीची तयारी

राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर त्याचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, तर जिओफायबरच्या डब्यांचा १९२.१६८.२९.१ असतो. ब्राउझरमध्ये तो टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून इंग्रजी अंकच वापरावेत. लेबलवर दोन पासवर्ड छापलेले असू शकतात, एक वायफायला जोडण्याचा आणि दुसरा सेटिंग उघडण्याचा. दोन्हींची गल्लत करून पाच-सहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यास काही राउटर थोडा वेळ लॉगिनच बंद करतात.

आत गेल्यावर पहिले काम म्हणजे नोंद करणे. वायरलेसच्या प्रत्येक पानाचा आणि इंटरनेट जोडणीच्या, म्हणजे वॅनच्या, पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. बॅकअपची सोय असल्यास सेटिंगची फाइलही संगणकावर उतरवून घ्यावी. तालुक्याच्या गावांत आणि शहरांच्या उपनगरांतही अनेक घरांची जोडणी स्थानिक केबलचालकाकडून असते, आणि ती पीपीपीओई पद्धतीच्या युजरनेम-पासवर्डवर चालते. हा पासवर्ड वॅनच्या पानावर ठिपक्यांच्या रूपात दिसतो, त्यामुळे फोटोत तो येत नाही. तो आपल्याकडे लिहून ठेवलेला नसेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच पुरवठादाराकडून मागून घ्यावा.

सावधान : रिबूट आणि रिसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून दाबले जाणारे बटण हे रिसेटचे. ते दाबल्यास वॅनची माहिती पुसली जाते आणि रविवारी संध्याकाळी घरचे इंटरनेट पूर्ण बंद होऊन बसते.

बदल करताना संगणक शक्यतो लॅनच्या केबलने राउटरला जोडावा. वायफायवरूनच वायफायचे सेटिंग बदलले, तर सेव्ह केल्याक्षणी जोडणी तुटते आणि एखादे मूल्य चुकले असल्यास परत आत जाता येत नाही. वीज जाण्याची शक्यता असलेल्या वेळी हे काम करू नये. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर प्रश्न नाही, परंतु फर्मवेअर, म्हणजे राउटरमधील मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत होत असताना वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो.

२. अडथळा वायफायचाच आहे का, हे तारेने ठरवणे

हा टप्पा गाळल्यामुळे सर्वाधिक श्रम वाया जातात. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून, त्याचे वायफाय बंद करून आणि घरातील बाकी उपकरणांचा वापर थांबवून वेगाची चाचणी घ्यावी. तारेवर मिळालेला आकडा ही आपली कमाल मर्यादा आहे. वायफायचे कोणतेही सेटिंग इंटरनेटचा वेग तिच्या पलीकडे नेऊ शकत नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. प्लॅनचा वेग सेकंदाला मेगाबिट, म्हणजे एमबीपीएसमध्ये सांगितलेला असतो आणि फाइल उतरवताना संगणक तो मेगाबाइटमध्ये दाखवतो. एक बाइट म्हणजे आठ बिट. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटने उतरत असेल, तर प्लॅन पूर्ण मिळत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे २०० किंवा ३०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही तारेवर आकडा ९४-९५ च्या आसपासच अडकत असेल, तर साखळीत कोठेतरी १०० एमबीपीएसचे पोर्ट किंवा खराब केबल आहे. स्वस्त राउटरच्या लॅन आणि वॅन पोर्टची क्षमता पुष्कळदा तेवढीच असते, आणि गिगाबिट पोर्ट असले तरी केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असल्यास जोडणी १०० वर उतरते. हा दोष वायरलेसच्या पानावर जाऊन सुटणारा नाही.

तपासा : तारेवरचा वेग प्लॅनच्या जवळ आहे का? नसेल तर येथेच थांबून केबल, पोर्ट आणि पुरवठादार या क्रमाने शोध घ्यावा.

३. घरातील तीन जागांचे मोजमाप

एक जागा राउटरच्याच खोलीतली, दुसरी जेथे रोजचे काम किंवा मुलांचा ऑनलाइन वर्ग चालतो ती, आणि तिसरी घरातील सर्वांत वाईट कोपरा, अशा तीन जागा ठरवाव्यात. प्रत्येक जागी सिग्नलची पातळी, लिंक स्पीड, डाउनलोड आणि अपलोड या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. प्रत्येक चाचणी तीनदा घेऊन मधला आकडा धरावा. फोन तोच, हातात धरण्याची पद्धत तीच, दारे रोज असतात तशी, बॅटरी सेव्हर आणि व्हीपीएन बंद, एवढे पथ्य पाळावे.

सिग्नलची पातळी डीबीएम या एककात आणि उणे आकड्यात मिळते. उणे ५० हा उणे ७० पेक्षा बलवान सिग्नल, हे लक्षात न राहिल्याने अनेकांची वही उलटी वाचली जाते. साधारणपणे उणे ५० ते उणे ६० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्वेध, उणे ७५ च्या खाली निरोपांची देवाणघेवाण होते पण कॉल तुटतो, असे धरावे. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारचे कोणतेही अॅप ही पातळी दाखवते. अँड्रॉइड ९ पासून अशा अॅपला दोन मिनिटांत चारच वेळा आसमंत तपासण्याची मुभा आहे, म्हणून जागा बदलल्यावर आलेख लगेच हलत नाही, थोडे थांबावे लागते. आयफोनवर अॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी या अॅपमधील वायफाय स्कॅनर फोनच्या सेटिंगमधून सुरू करता येतो. मॅकवर ऑप्शन ही कळ दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केल्यास पातळी, चॅनल आणि वेग एकत्र दिसतात.

लिंक स्पीड म्हणजे फोन आणि राउटर यांनी आपसांत ठरवलेला वेग. प्रत्यक्ष मिळणारा वेग त्याच्या साधारण निम्मा ते दोन तृतीयांश असतो. वायफायच्या पिढ्या ४, ५, ६ अशा मोजतात. वायफाय ५ चा दोन अँटेनांचा फोन ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर ८६६ एमबीपीएस दाखवतो, वायफाय ६ चा १२०१ दाखवतो, आणि २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदीत जुन्या वायफाय ४ चा आकडा १४४ च्या वर जात नाही. फोन निष्क्रिय असताना हा आकडा खाली येतो, म्हणून काही उतरवत असतानाच तो वाचावा. ज्यांचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे त्यांनी ८६६ चे १२०१ व्हावेत म्हणून जीव टाकण्याचे काहीही कारण नाही. त्यांच्या दृष्टीने वाईट कोपऱ्यातला आकडा महत्त्वाचा आहे.

मोजमापाची एक फेरी रात्री नऊच्या सुमारास जरूर घ्यावी. सकाळी अकराला सोसायटीची हवा मोकळी असते आणि तेव्हाचे निष्कर्ष रात्री टिकत नाहीत.

४. आधी जागा, मग सेटिंग

फायबर जोडणारा माणूस केबल जेथे घरात शिरते तेथेच, म्हणजे दाराजवळ, माळ्यावर किंवा टीव्हीच्या मागच्या कपाटात डबा बसवून जातो, आणि तो वर्षानुवर्षे तेथेच राहतो. काँक्रीटची एक भिंत ५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमधून सहज १० डीबी (डीबीएमच्या आकड्यांतील फरकाचे माप) किंवा त्याहून अधिक खाते. शक्ती दुप्पट केली तरी मिळतात केवळ ३ डीबी. हा हिशेब एकदा मांडला की राउटर भिंतीच्या अलीकडे आणणे हे कोणत्याही सेटिंगपेक्षा मोठे पाऊल का आहे ते स्पष्ट होते. कोकणातील आणि गोव्यातील जांभ्याच्या जाड भिंती किंवा जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती असतील, तर एका राउटरने संपूर्ण घर व्यापण्याची अपेक्षाच सोडावी आणि थेट शेवटचा टप्पा वाचावा.

राउटर घराच्या मध्याजवळ, जमिनीपासून छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी आणि मायक्रोवेव्ह यांच्या शेजारी तो नसावा. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि सुरू असताना २.४ चा बँड गढूळ करतो. हलवता येणाऱ्या अँटेना उभ्या ठेवाव्यात, कारण त्यांचा सिग्नल टोकाच्या दिशेने नव्हे, तर बाजूंना पसरतो.

सावधान : फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक केबल स्वतः ओढू, दुमडू किंवा उपटू नये. ती तीव्र वळणावर मोडली की डब्यावर लाल दिवा लागतो आणि इंटरनेट जाते. वायफायचा राउटर वेगळा असेल, तर फायबरचा डबा जागेवर ठेवून तेथून राउटरपर्यंत साधी लॅन केबल नेणे सुरक्षित ठरते.

जागा बदलल्यावर तिन्ही ठिकाणी पुन्हा मोजावे. बऱ्याच घरांचे काम येथेच संपते.

५. वेगाला नकळत लागलेले ब्रेक काढणे

आता सेटिंगला हात लावता येईल. प्रथम दोन्ही बँडना एकच नाव देणारी सोय, जिला स्मार्ट कनेक्ट किंवा बँड स्टिअरिंग म्हणतात, ती तात्पुरती बंद करून दोन बँडना वेगळी नावे द्यावीत. तसे न केल्यास आपण कोणत्या बँडवर मोजत आहोत हेच कळत नाही.

नंतर सुरक्षेचे पान उघडावे. सुरक्षेचा आणि वेगाचा संबंध नाही असे समजले जाते, पण तो थेट आहे. टीकेआयपी किंवा त्याहून जुने डब्ल्यूईपी हे एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याची पद्धत, निवडलेले असेल, तर नियमानुसार वायफाय ४ आणि त्यापुढील वेग वापरता येत नाहीत, आणि लिंक स्पीड ५४ एमबीपीएसवर अडकतो. टीकेआयपी आणि एईएस ही नवी पद्धत असा मिश्र पर्यायही टाळावा. डब्ल्यूपीए२ या सुरक्षेच्या प्रकारासोबत केवळ एईएस, किंवा उपकरणे नवी असतील तर डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र, असा पर्याय ठेवावा. मिश्र पर्यायावर एखादा जुना बल्ब किंवा प्रिंटर जोडला गेला नाही, तर २.४ चा बँड डब्ल्यूपीए२ वर परत आणावा आणि ५ चा तसाच राहू द्यावा.

डब्ल्यूएमएम, म्हणजे कॉल आणि व्हिडिओला प्राधान्य देणारी सोय, हा पर्याय सुरूच असला पाहिजे. 'गरज नाही' असे वाटून तो बंद केल्यास वेग पुन्हा त्याच ५४ वर येतो.

तिसरा ब्रेक मोडचा. येथील अक्षरे वायफायच्या पिढ्यांची आहेत : बी आणि जी जुन्या, एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५ आणि एएक्स म्हणजे ६. २.४ वर बी-जी-एन असा मिश्र मोड असल्यास १९९९ मधील बी प्रकारासाठी राउटरला आपली ओळख १ एमबीपीएस या अत्यंत मंद वेगाने जाहीर करत राहावी लागते, आणि ही ओळख प्रत्येक नेटवर्क-नावासाठी सेकंदाला सुमारे दहा वेळा जाहीर होते. घरात इतके जुने काही नसेल, आणि ते आज क्वचितच असते, तर जी-एन किंवा जी-एन-एएक्स मोड निवडावा. न वापरले जाणारे गेस्ट नेटवर्कही बंद करावे. मात्र 'फक्त एएक्स' किंवा 'फक्त एसी' असे टोकाचे पर्याय निवडू नयेत, जुनी उपकरणे गुपचूप बाहेर पडतात. वायफाय ६ सुरू केल्यावर एखाद्या जुन्या लॅपटॉपला नेटवर्कच दिसेनासे झाले, तर दोष बहुधा त्याच्या वायफाय कार्डाच्या जुन्या ड्रायव्हरचा असतो. ड्रायव्हर अद्ययावत करावा, राउटर मागे नेऊ नये.

तपासा : घरातील प्रत्येक उपकरण, स्मार्ट टीव्ही, कॅमेरा आणि प्रिंटर धरून, परत जोडले गेले आहे का?

६. २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल आणि रुंदी

भारतात या बँडमध्ये १ ते १३ असे चॅनल वापरता येतात, परंतु त्यांच्यातील अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झ आहे आणि एका नेटवर्कला लागते २० मेगाहर्ट्झची जागा. म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच उरतात : १, ६ आणि ११. अॅनालायझरमध्ये ३ किंवा ४ वर कोणी नाही म्हणून तेथे जाऊन बसणे ही या टप्प्यावरची सर्वांत प्रचलित चूक आहे. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. अर्ध्यामुर्ध्या चढलेल्या चॅनलवर ते एकमेकांचे बोलणे समजू शकत नाहीत, त्यांना तो केवळ गोंगाट वाटतो, आणि त्यामुळे दोघांचेही नुकसान होते. गर्दीचा का असेना, ६ हा चॅनल मोकळ्या ४ पेक्षा बरा.

तिघांतून निवड करताना नेटवर्कांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांची पातळी पाहावी. उणे ८५ च्या आसपासची सहा नेटवर्के उणे ५० च्या एका शेजाऱ्यापेक्षा कमी त्रास देतात. हे निरीक्षण राउटरजवळ नव्हे, तर जेथे काम करता त्या जागी आणि रात्री करावे.

रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. राउटरच्या खोक्यावर छापलेला ३०० चा आकडा ४० मेगाहर्ट्झवर मिळतो, म्हणून ती निवडण्याचा मोह होतो. पण ४० मेगाहर्ट्झ म्हणजे या चिंचोळ्या बँडचा निम्मा भाग, आणि सोसायटीत तो कधीच रिकामा नसतो. शेतातल्या किंवा एकाकी घरात, जेथे अॅनालायझरमध्ये दुसरे नाव दिसत नाही, तेथे ४० खुशाल वापरावे. 'ऑटो' पर्याय चॅनलसाठी वाईट नाही, मात्र अनेक राउटर निवड केवळ सुरू होताना करतात. दुपारी रिबूट झालेला राउटर दुपारच्या परिस्थितीनुसार बसलेला असतो.

७. ५ गिगाहर्ट्झचा चॅनल आणि रुंदी

घरातील वेगाचे खरे काम हा बँड करतो. ८० मेगाहर्ट्झ रुंदीसाठी चॅनल ३६ ते ४८ हा एक गट आणि १४९ ते १६१ हा दुसरा गट प्रथम तपासावा, आणि ज्यात बलवान शेजारी कमी आहेत तो घ्यावा. मधले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. राउटरला तेथे बसण्यापूर्वी किमान एक मिनिट रडारचा कानोसा घ्यावा लागतो, आणि चालू असताना रडारसारखा सिग्नल जाणवल्यास तत्काळ चॅनल सोडावा लागतो. हवामानाची सी-बँड रडारे साधारण ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे चॅनल १२० ते १२८ च्या परिसरात काम करतात. भारतीय हवामान विभागाचे असे एक डॉप्लर रडार मुंबईतच वेरावली येथे आहे. त्या भागात राहणाऱ्यांनी हे चॅनल टाळलेलेच बरे. एरवी मधले चॅनल मोकळे असतात आणि ज्यांच्या इमारतीत ३६ आणि १४९ दोन्ही गट भरलेले आहेत त्यांना ते उपयोगी पडतात. फक्त वायफाय अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल, तर पहिला संशय यावर घ्यावा.

वाईट कोपऱ्यात ५ गिगाहर्ट्झ पोहोचतो पण अडखळतो, अशी स्थिती असेल तर रुंदी ८० वरून ४० करून पाहावी. कमाल वेग निम्मा होतो, पण तीच शक्ती अर्ध्या पट्ट्यात एकवटल्याने आणि गोंगाटही निम्मा आत येत असल्याने टोकाची जोडणी अधिक घट्ट होते. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला ४० मेगाहर्ट्झ पुरून उरते. १६० मेगाहर्ट्झ हा पर्याय फ्लॅटमध्ये निवडू नये. ३६ पासून मोजल्यास तो रडारच्या चॅनलमध्ये शिरतो, आणि घरातील निम्म्याहून अधिक उपकरणांना तो वापरताही येत नाही.

सावधान : प्रत्येक बदलानंतर दोन मिनिटे थांबून तिन्ही जागी मोजावे आणि मगच पुढचा बदल करावा. चॅनल आणि रुंदी एकत्र बदलू नयेत.

८. प्रसारणशक्ती

आता शक्ती. हा आकडा राउटरमध्ये शंभर, पंचाहत्तर, पन्नास अशा टक्क्यांत, किंवा हाय, मीडियम, लो अशा शब्दांत, किंवा काही ठिकाणी थेट डीबीएममध्ये असतो. २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, १७ म्हणजे ५० आणि १४ म्हणजे २५ मिलिवॅट. पन्नास टक्के केल्याने वायफाय अर्धे होईल अशी भीती वाटते, पण सिग्नल केवळ ३ डीबीने उतरतो आणि फोनच्या पट्ट्यांत तो फरक कदाचित दिसणारही नाही. मोकळ्या जागेत पल्ला निम्मा व्हायला शक्ती पंचवीस टक्क्यांवर आणावी लागते.

शक्ती वाढवून प्रश्न का सुटत नाही, याचे कारण संभाषण दोन्ही बाजूंनी चालते हे आहे. फोनची प्रसारणशक्ती बहुधा राउटरपेक्षा कमी असते. दरीच्या या काठावरचा माणूस कितीही मोठ्याने ओरडला, तरी त्यामुळे पलीकडच्याचा आवाज वाढत नाही. फोनवर पट्ट्या भरलेल्या दिसतात, डाउनलोडही बरे येते, पण अपलोड कोसळलेले असते आणि कॉलमध्ये समोरच्यांना आपला आवाज तुटक ऐकू जातो. अपलोड मोजण्याचा आग्रह तिसऱ्या टप्प्यात धरला तो यासाठीच. वहीत एखाद्या जागी सिग्नल चांगला आणि अपलोड फार कमी अशी जोडी दिसली, तर तेथे शक्ती वाढवणे निरुपयोगी आहे.

शक्ती कमी करण्याचा मुख्य लाभ २.४ च्या बँडवर होतो. हा बँड भिंतींतून अधिक दूर जातो, त्यामुळे दोन्ही बँडची शक्ती पूर्ण असताना फोन गर्दीच्या २.४ वर चिकटून बसतो. त्याची पातळी ५ च्या तुलनेत सुमारे ६ डीबीने खाली आणली, तर फोन आपणहून ५ कडे झुकतो. कृती अशी करावी :

प्रथम ५ गिगाहर्ट्झची शक्ती आहे तशीच, म्हणजे बहुधा पूर्ण, ठेवावी. २.४ ची शक्ती एक पायरी उतरवावी, सेव्ह करावे आणि राउटरने मागितल्यास रिबूट करावा. मग राउटरच्या खोलीत पातळी मोजून ती खरोखर ३ डीबीच्या आसपास उतरली का ते पाहावे, कारण 'मीडियम' म्हणजे नेमके किती हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, आणि काही राउटरमध्ये हा पर्याय केवळ दिसण्यापुरता असतो. त्यानंतर वाईट कोपऱ्यात २.४ वर मोजावे. पातळी उणे ७० च्या वर असेल, तर आणखी एक पायरी उतरवून पाहावे. ती त्याखाली गेली किंवा कॅमेरा, प्रिंटर यांपैकी काही तुटले, तर एक पायरी परत चढावे. एका खोलीच्या किंवा लहान दोन खोल्यांच्या घरात ५ गिगाहर्ट्झही मीडियमवर समाधानकारक चालतो आणि शेजाऱ्यांचाही गोंगाट कमी होतो. अर्थात सगळ्या मजल्याने हे केले तर त्याचा पूर्ण लाभ, पण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडण्याचा सल्ला मी देणार नाही.

सावधान : शक्ती वाढावी म्हणून राउटरमधील देश बदलण्याची युक्ती सांगितली जाते. ती वापरू नये. भारतात २.४ गिगाहर्ट्झसाठी २००५ च्या आणि ५ गिगाहर्ट्झसाठी २०१८ च्या अधिसूचनेनुसार परवान्याशिवाय वापराची मुभा आहे, ती शक्तीच्या मर्यादेसह आहे. २.४ वर ट्रान्समीटरची मर्यादा १ वॅट आहे आणि घरगुती राउटर त्याच्या बऱ्याच खाली चालतात, म्हणजे कमतरता परवानगीची नसते. देश बदलल्याने चॅनलची यादी बदलते आणि काही फोनना निवडलेला चॅनल दिसतच नाही.

९. ज्यांना हात लावू नये

अॅडव्हान्स्ड पानावर बीकन इंटरव्हल, आरटीएस थ्रेशोल्ड, फ्रॅगमेंटेशन थ्रेशोल्ड आणि डीटीआयएम असे रकाने दिसतील. ते कारखान्यातून आले तसेच राहू द्यावेत. बीकन इंटरव्हल १०० असावा आणि दोन्ही थ्रेशोल्ड २३४६ किंवा २३४७ असावेत. कोणी यापूर्वी बदलले असतील, तर ते या मूल्यांवर परत आणावेत. शॉर्ट जीआय सुरू राहू द्यावा.

१०. शेवटची तपासणी, आणि तरीही कोपरा कोरडा राहिल्यास

रात्री नऊला तिन्ही जागी अखेरचे मोजमाप घेऊन पहिल्या फेरीशी ताडावे. स्मार्ट कनेक्ट हवे असल्यास आता परत सुरू करता येईल, परंतु ते सुरू केल्यावर काही राउटर दोन्ही बँडची सुरक्षा एकसारखी करून टाकतात, तेवढे पाहावे. समाधान झाल्यावर सेटिंगची बॅकअप फाइल पुन्हा उतरवून घ्यावी.

वाईट कोपरा अजूनही उणे ७५ च्या खाली असेल, तर पहिल्या राउटरकडून आणखी काही निघणार नाही. अशा वेळी वायफायनेच सिग्नल पकडून पुढे पाठवणारा रिपीटर घेण्याआधी तेथपर्यंत लॅन केबल नेता येते का ते पाहावे. एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, केबलवरचा दुसरा राउटर तो करत नाही. जुना राउटर घरात पडून असेल तर तोही चालतो. त्याला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे केवळ वायफाय पुरवण्याच्या कामावर, ठेवावे. तो मोड नसल्यास आधी त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा द्यावा, मग त्यातील डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणारी सोय, बंद करावे आणि पहिल्याच्या लॅनमधून आलेली केबल त्याच्या वॅनमध्ये न घालता लॅनमध्येच घालावी. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे अक्षरशः सारखे ठेवावेत. चॅनल मात्र वेगळे असावेत, उदाहरणार्थ २.४ वर एकाला १ आणि दुसऱ्याला ११, तर ५ वर एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९. त्यानंतर दोघांचीही शक्ती मीडियमवर आणावी, कारण दोन्ही पूर्ण शक्तीवर असल्यास फोन आतल्या खोलीत जाऊनही बैठकीतल्या राउटरला सोडत नाही. दोन्हींच्या मधल्या दारात उभे राहून पाहावे. तेथे दोघांचीही पातळी उणे ६५ ते उणे ७० च्या दरम्यान आली, तर शक्ती योग्य लागली आहे.